व्यवसाय : इतर

जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत : फॉर्म भरणारे आणि फॉर्म तपासणारे. पहिले संख्येने जास्त, दुसरे तोऱ्याने जास्त. पोटासाठी मी गेली वीस-बावीस वर्षं दुसऱ्या प्रकारात मोडतो. बँकेच्या काउंटरमागे बसून मी इतके फॉर्म तपासले आहेत, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा समोरच्याचं नाव कळलं की पुढचा प्रश्न 'मधलं नाव?' असाच तोंडात येतो.

या सगळ्या फॉर्मांत 'व्यवसाय' नावाचा एक रकाना असतो. त्यात आधीच छापलेल्या चौकटी : नोकरी, धंदा, शेती, गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त आणि शेवटी 'इतर'. ही शेवटची चौकट पूर्वी ओसाड असे. वर्षातून एखादा कीर्तनकार यायचा, एखादा जादूगार यायचा. आता मात्र 'इतर'मध्ये उभं राहायला जागा नाही. परवाच एक मुलगा आला. दाढी कोवळी, बूट महाग.

"काय करता?"

"ऑनलाइन."

"ते झालं. पण करता काय?"

"ऑनलाइनच करतो."

"दुकान कुठे?"

"दुकान नाही."

"माल?"

"माल दुसऱ्याचा."

"गिऱ्हाईक?"

"कॅनडात."

"मग तुमचं असं काय आहे?"

"लॅपटॉप."

मी कॉमर्सचा पदवीधर. दुकान, माल आणि गिऱ्हाईक यांतलं काहीच नसताना जे चालतं त्याला आमच्या वेळी दिवाळखोरी म्हणत. पण त्याचे मागचे तीन महिन्यांचे जमेचे आकडे पाहिले आणि खुर्चीत जरा सरळ बसलो. मुकाट्याने 'इतर'वर खूण केली. खातं उघडलं. तो गेला कॅनडातल्या गिऱ्हाइकाकडे, म्हणजे कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात.

बँकेचं हे एक बरं असतं. 'इतर'वर खूण केली की काम भागतं. देशांचं तसं नसतं. देशाच्या दारावरही एक फॉर्म असतो, त्याला व्हिसा म्हणतात. त्यातही 'कशासाठी आलात?' हा रकाना असतो. फरक एवढाच, की तिथे 'इतर' ही चौकट छापायला बहुतेक सरकारं विसरली आहेत.

हे ज्ञान मला झालं ते आमच्या तिसऱ्या मजल्यामुळे.

आम्ही बिबवेवाडीत राहतो. बाहेरगावच्या पाहुण्याला पत्ता सांगताना 'अप्परच्या जवळ' म्हटलं, की तो उगीचच आदराने बघतो. इथे अप्पर म्हणजे अप्पर इंदिरानगर, आणि मुख्यतः तो पीएमपीच्या बसवरचा एक शब्द आहे. एका बाजूला मार्केट यार्डाचा कांदा, दुसऱ्या बाजूला इंजिनिअरिंग कॉलेज; त्यामुळे वस्तीला दोन्हींचा वास आहे. परदेशी माणूस म्हटला की पुण्यात तो कोरेगाव पार्कात राहायचा, असा जुना रिवाज. पण २०२४ च्या पावसाळ्यात एक गोरा तरुण आमच्या सोसायटीत भाड्याने राहायला आला. कोरेगाव पार्कातल्या भाड्याचा आकडा ऐकून तो दक्षिणेकडे सरकत सरकत बिबवेवाडीपर्यंत आला होता. माणूस हिशेबी होता. मला तो तिथेच आवडला.

तो एस्टोनियाचा. हा देश कुठे आहे यावर जिन्यात दोन दिवस वाद चालला. शेवटी तो युरोपात बाल्टिक समुद्राकाठी निघाला. लोकसंख्या साधारण साडेतेरा लाख. "म्हणजे आपल्या पुण्याचा एक कोपरा," असं म्हणून आमच्या चेअरमननी त्या देशाची फाइल बंद केली. चेअरमन लष्कराच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले आहेत. लढाई त्यांनी पाहिलेली नाही, पण तिची बिलं पाहिली आहेत.

पाहुणा तीन महिन्यांच्या पर्यटक व्हिसावर आला होता, योग शिकायला. पर्यटक व्हिसावर आपल्याकडे स्थळं बघता येतात, मित्र-नातेवाइकांना भेटता येतं, योगाचा छोटा अभ्यासक्रमही करता येतो. इथवर सारं ठीक. पण रात्री अकरा वाजले तरी तो गॅलरीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला. वॉचमनने रिपोर्ट दिला : "साहेब, तो योगा करत न्हाई, टायपिंग करतो."

झालं. कमिटीची तातडीची सभा भरली. मी कमिटीत नाही. पण 'बँकेत आहेत, त्यांना माहीत असेल' या नियमाखाली मला दर सभेला बोलावतात. याच नियमाखाली मला गॅसच्या सबसिडीपासून पोरांच्या पत्रिकेपर्यंत सगळं माहीत असावं लागतं.

"अहो बँकवाले," चेअरमन म्हणाले, "हा करतो काय, ते काढा."

मी काढलं. तो त्याच्या देशातल्या लोकांना तिथल्याच विणकामाचे नमुने इंटरनेटवर विकत होता. नमुना म्हणजे स्वेटर नव्हे, लोकर नव्हे. दोन उलटे, एक सुलट, असा नुसता कागद. तोही खरा कागद नव्हे.

"म्हणजे हा इथे धंदा करतो!" सेक्रेटरी उठून उभे राहिले.

तिसऱ्या मजल्यावरून त्याला बोलावण्यात आलं. तो शांतपणे म्हणाला, "मी इथे धंदा करत नाही. मी इथे फक्त बसतो. धंदा तिकडे होतो."

हे वाक्य ऐकून कमिटीत जी शांतता पसरली तशी मी गणपतीच्या वर्गणीच्या वेळीसुद्धा पाहिलेली नाही. कारण वाक्य खोटं नव्हतं. विकणारा एस्टोनियन, घेणारा एस्टोनियन, पैसे एस्टोनियाच्या बँकेत. बिबवेवाडीचा या व्यवहारात वाटा एवढाच, की खुर्ची आमच्या हद्दीत होती.

मग मी आमच्या सरकारचे नियम वाचायला घेतले. फॉर्म तपासणाऱ्याला दुसऱ्याचे नियम वाचताना एक वेगळंच सुख होतं. हलवायाने दुसऱ्याची जिलबी खावी तसं. परदेशी माणसाला आपल्याकडे धंदा उभारायचा असेल तर बिझनेस व्हिसा आहे. नोकरी करायची असेल तर एम्प्लॉयमेंट व्हिसा आहे. पण त्याला अट अशी, की पगार वर्षाला सव्वासोळा लाखांच्या वर हवा. हा आकडा मी तीनदा वाचला. मग माझी पगाराची स्लिप काढून बाराने गुणली. मी जर परदेशी असतो, तर मला माझ्याच बँकेत, माझ्याच खुर्चीवर बसायला या देशाने परवानगी दिली नसती! केवळ जन्माने भारतीय म्हणून मी या काउंटरवर खपून गेलो आहे. या पगाराच्या अटीतून काहींना सूट आहे : इंग्रजी सोडून इतर परभाषा शिकवणारे, दुभाषे, वकिलातीतले लोक, आणि आपापल्या देशाचा स्वयंपाक करणारे आचारी. सौ.ला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघा. सरकारला कळतं स्वयंपाकाचं मोल."

पण जो माणूस ना इथे नोकरी करतो, ना इथे धंदा उभारतो, नुसता इथे बसून तिथलं काम करतो, त्याच्यासाठी आपल्या सरकारने वेगळी चौकटच केलेली नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांचा नवा कायदा लागू झाला. १९२०, १९३९ आणि १९४६ सालचे जुने कायदे त्याने निकालात काढले. पण लॅपटॉपवाल्यासाठी वेगळा व्हिसा त्यातही निघाला नाही.

सरकारला जे सुचलं नाही ते आमच्या चेअरमनना सुचलं. त्यांनी उपविधी उघडले आणि जाहीर केलं, की तो टायपिंग करो वा शीर्षासन, घरमालक स्वतः राहत नसल्यामुळे देखभाल खर्चावर १० टक्के 'ना-वहिवाट शुल्क' लागेल. महाराष्ट्र शासनाने २००१ सालीच तशी मर्यादा घालून दिलेली आहे. परदेशी माणूस घरात उतरल्यापासून चोवीस तासांत घरमालकाने सरकारला कळवायचा तो 'फॉर्म सी' गेला आहे, हेही त्यांनी तपासलं. शुल्क वसूल झालं, फॉर्म सापडला, सभा संपली. नियमांचं पोट भरलं की माणसाकडे कुणी बघत नाही.

तो पाहुणा जाण्यापूर्वी एकदा चहाला आला. त्याच्या देशाने डिसेंबर २०१४ मध्ये 'ई-रेसिडेन्सी' नावाची एक योजना काढली आहे, हे त्याने सांगितलं. जगातल्या कुणीही अर्ज करावा, शुल्क भरावं, सरकार खात्री करून घेतं आणि एक कार्ड देतं. त्या कार्डावर बिबवेवाडीत बसून एस्टोनियात कंपनी काढता येते.

"मग तिथे राहायलाही मिळेल?" मी विचारलं.

"नाही. राहायचा हक्क नाही. देशात शिरायचाही नाही. ते कार्ड फक्त इंटरनेटपुरतं."

म्हणजे सभासद आहात, शेअर सर्टिफिकेट आहे, पण गेटातून आत यायचं नाही. आमच्या चेअरमनना हे इतकं आवडलं, की वार्षिक सभेत थकबाकीदारांसाठी हीच योजना मांडायचा त्यांचा विचार होता. बसायलाच जायचं असेल तर एस्टोनियाने २०२० पासून निराळा व्हिसा ठेवला आहे. निदान त्या साडेतेरा लाख लोकांनी 'इतर'ची चौकट छापली तरी.

इथवर हे सगळं माझ्या दृष्टीने चहाबरोबरचं खारं होतं. पण हाच प्रश्न पुढे आमच्या दुसऱ्या मजल्यावर आला. आणि दुसऱ्या मजल्यावर माझा थोरला भाऊ राहतो.

त्याची मुलगी, माझी पुतणी, मराठी घेऊन एम.ए. झालेली. ती एम.ए. झाली तेव्हा नातेवाइकांनी पेढे खाताना चेहरे पडलेले ठेवले होते. 'मराठी घेऊन पुढे काय?' या प्रश्नाचं उत्तर तिने स्वतःच काढलं. अमेरिकेतल्या मराठी घरांतल्या मुलांना ती इंटरनेटवरून मराठी वाचायला-लिहायला शिकवू लागली. सकाळी सहाला तिचा वर्ग सुरू व्हायचा. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. पहाटे जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावरून 'ळ कमळातला, ळ बाळातला' ऐकू यायचं आणि मागोमाग चार-पाच अमेरिकन गळ्यांतून 'ल'! तीन वर्षांत तीसेक मुलं झाली. डॉलर यायचे, ते आमच्याच शाखेत. भावाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तिने केलं, म्हणजे पैसे तिने दिले. मराठीच्या जोरावर पुण्यात कुणी डोळ्याचं ऑपरेशन करवल्याचं मी तरी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही.

मग लग्न ठरलं. मुलगा न्यू जर्सीत, एच-वन-बी व्हिसावर, कॉम्प्युटरमधला, शांत. सगळ्यांना वाटलं, दुधात साखर! विद्यार्थी तिथे, आता बाईही तिथेच. एक विद्यार्थिनी तर त्यांच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे राहणारी निघाली.

आणि नेमकं तिथेच गाडं अडलं. एच-वन-बीवाल्याच्या बायकोला मिळतो तो एच-फोर व्हिसा. त्या व्हिसावर तिला राहता येतं, शिकता येतं, गाडी चालवता येते. कमावता येत नाही. नोकरी नाही, स्वतःचा धंदाही नाही. वकिलाचं म्हणणं पडलं, की काम कुठे झालं हे गिऱ्हाइकावरून ठरत नाही, तुम्ही बसला आहात कुठे यावरून ठरतं. बिबवेवाडीत बसून न्यू जर्सीतल्या पोरीला शिकवणं चालतं. न्यू जर्सीत बसून बिबवेवाडीतल्या पोरीला शिकवून पैसे घेणं चालत नाही. कंपनीचा नुसता मालक असायला हरकत नाही. मालकाने काम करायला हरकत आहे. (हा नियम आमच्या काही साहेबांना कळला, तर ते आजच विमानात बसतील.)

हे एच-फोर खातं १९७० सालच्या कायद्यातलं. त्या वेळी घरी बसून करायचे धंदे म्हणजे पापड, लोणची आणि शिवणकाम. घरातली बाई घरातच बसून समुद्रापलीकडे दुकान चालवील, ही कल्पना कायदा करणाऱ्यांनी केली नाही म्हणून त्यांना दोष देता येत नाही. नियमामागे कारणही आहे. आपल्या माणसांच्या नोकऱ्या सांभाळाव्यात, कर बुडू नये, असं कुठल्याही सरकारला वाटणारच. तसं न वाटणाऱ्या सरकारचं आपण काय केलं असतं? मी स्वतः नियमांच्या जिवावर जेवतो. पण तीन गल्ल्यांपलीकडच्या पोरीला 'ळ' शिकवल्याने कुठल्या अमेरिकन माणसाची नोकरी गेली असती, ते मला अजून कळलेलं नाही.

एक वाट २०१५ च्या मे महिन्यात निघाली होती. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाचा एक ठरावीक टप्पा मंजूर झाला, की बायकोला कामाचं परवानापत्र मागता येतं. पण आधी तो टप्पा यायला हवा. आणि परवाना मिळाला तरी तो मुदतीचा. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला, की जुना परवाना काही काळ आपोआप चालू राहायचा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांसाठी अमेरिकेने ती सोय बंद केली. ग्रीन कार्डाची रांग तर विचारूच नका. नोकरीवाल्यांच्या वर्षाच्या कोट्यात कुठल्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्के, असा साधारण हिशेब. मग तो देश आइसलंड असो की भारत. चाळीत एका खोलीला एक बादली पाणी. खोलीत माणसं किती, हे ज्याचं त्याने बघावं.

मी दुसऱ्या वाटाही चाचपून पाहिल्या. अमेरिकेत आपलं भांडवल घालून धंदा करायला ई-टू नावाचा व्हिसा आहे. तो ठरावीक देशांच्या नागरिकांनाच मिळतो. त्या यादीत एस्टोनिया आहे. श्रीलंका आहे, बांगलादेश आहे. पाकिस्तानसुद्धा आहे. भारत नाही. हे चेअरमनना सांगितलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत, असं त्यांच्या घरून कळलं.

ब्रिटनने एप्रिल २०२३ पासून नव्या धंदेवाल्यांसाठी व्हिसा सुरू केला. पूर्वीची ५० हजार पौंडांची अट काढली. पण धंदा नवा हवा, टिकणारा हवा आणि वाढणारा हवा, शिवाय तसं एका मान्य संस्थेने लिहून द्यायला हवं. मराठी शिकवणं हा धंदा नवा नाही, टिकतो की नाही यावर दर साहित्य संमेलनात वाद होतो, आणि वाढीबद्दल न बोललेलं बरं. जपानात तर ऑक्टोबर २०२५ मध्ये भांडवलाची अट ५० लाख येनवरून एकदम ३ कोटी येन झाली, आणि ऑफिसही खरंखुरं हवं. थायलंडने जुलै २०२४ मध्ये लॅपटॉपवाल्यांसाठी पाच वर्षांचा व्हिसा काढला. ५ लाख बाथ शिल्लक दाखवा आणि एका वेळी १८० दिवस बसा. पण नवरा न्यू जर्सीत आणि बायको बँकॉकमध्ये, असा संसार आमच्या वहिनींना पसंत पडेना.

पुतणी गेली. जाण्यापूर्वी शाखेत आली होती. देश सोडून राहायला जाताना बचत खातं एनआरओ करावं लागतं, त्याचा फॉर्म मीच तिच्यापुढे ठेवला. नाव लिहिलं, मधलं नाव लिहिलं, पासपोर्टचा नंबर लिहिला. 'व्यवसाय'पाशी पेन थांबलं. मागल्या खेपेला तिने तिथे 'धंदा'वर अशी ठसठशीत खूण केली होती, की कागदाला खड्डा पडला होता.

"काका, आता काय लिहू?"

मी काउंटरच्या या बाजूला इतकी वर्षं बसलो, पण त्या रकान्याकडे बघणाऱ्याचा चेहरा इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. तिने 'गृहिणी'वर पेन नेलं, तिथून उचललं, आणि 'इतर'वर बारीकशी खूण केली. सही मात्र पूर्वीसारखीच होती. जुळली.

तिकडे ती आता रविवारी मराठी शाळेत शिकवते. तिथल्या मराठी मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालापासूनचं; मंडळांच्या आधाराने गावोगावी अशा शाळा चालतात आणि शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक. पैसे न घेता शिकवायला तिच्या व्हिसाची आडकाठी नाही. तेच काम, तीच मुलं, तोच 'ळ'. फुकट केलं तर सेवा, पैसे घेतले तर गुन्हा. भावाचा दुसरा डोळा आता जावयाच्या पैशांनी झाला. भाऊ म्हणतो, दिसतं चांगलं. पण पहिल्या डोळ्याने जरा जास्त चांगलं दिसतं.

परवा आमच्या मागच्या गल्लीतल्या आजी पत्र घेऊन आल्या. त्यांची नात न्यू जर्सीला, पुतणीच्या वर्गात. तिने आजीला मराठीत पत्र लिहिलं होतं, टपालाने, तिकीट लावून. चष्मा सापडत नव्हता म्हणून मी वाचून दाखवलं. ओळी चढावर गेलेल्या, वेलांट्या आपापल्या मर्जीने वळलेल्या. पण 'तुझे पुरणपोळी आणि मुगाची उसळ मला आवडते' यातले दोन्ही 'ळ' असे काढलेले, की पाटीवर गिरवून घ्यावेत. आजींनी ते वाक्य चारदा वाचायला लावलं. पदराने डोळे पुसले आणि मग पुण्यातल्या माणसाला शोभेल असा प्रश्न विचारला :

"तुझ्या पुतणीला याचे किती मिळतात रे?"

"काही नाही आजी. तिला तिथे काम करायला परवानगी आहे, पैसे घ्यायला नाही."

आजींनी थोडा वेळ विचार केला.

"उलटंच की सगळं," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे पैसे घ्यायला परवानगी असते, आणि काम..."

वाक्य तसंच सोडून त्यांनी पत्राची घडी घातली आणि जाता जाता माझ्या बँकेची वेळ विचारून घेतली.